अमूर्त चित्राची फ्रेम केलेली प्रतिकृती: भिंत मोजण्यापासून खिळा ठोकण्यापर्यंत

घरासाठी अमूर्त चित्राची प्रतिकृती घेताना बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात. मोबाइलवर एखादं चित्र आवडतं, यादीतून एक तयार मापाची फ्रेम निवडली जाते, पार्सल घरी येतं आणि मग त्यासाठी भिंत शोधायला सुरुवात होते. सोफ्यावर हरवून गेलेलं इवलंसं चित्र, कडेला अर्धवट कापलेली रेषा, राखाडीकडे झुकलेला निळा, हे सगळं या उलट्या क्रमातून येतं. निसर्गचित्रात एखादी फांदी कापली गेली तरी झाड ओळखू येतं. अमूर्त चित्राला असा आधार नसतो. प्रमाण, कडा, रंग आणि कुठली बाजू वर, एवढ्यावरच ते उभं असतं. यातलं एक जरी बिघडलं तरी भिंतीवर दुसरंच चित्र लागतं.

खालचे टप्पे याच क्रमाने करा. पैसे सातव्या टप्प्यात द्यायचे आहेत, त्याआधी नाही.

टप्पा १: आधी भिंत मोजा

संपूर्ण भिंतीचं माप उपयोगाचं नाही, मोकळी जागा मोजायची. स्विचबोर्ड, दार उघडल्यावर येणारी फळी, बाजूला सारलेल्या पडद्याची घडी, कपाटाची कड, हे सगळं वजा करून जी लांबी-रुंदी उरते ती कागदावर लिहा. चित्र सोफा, पलंग किंवा टेबलाच्या वर लागणार असेल तर त्या वस्तूच्या रुंदीच्या साधारण दोन तृतीयांश रुंदी धरा. सोफा १८० सेंमीचा असेल तर चित्राची किंवा चित्रांच्या जोडीची एकूण रुंदी १२० सेंमीच्या आसपास. ही रुंदी फ्रेमच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंतची आहे. इथे बहुतेकांचा घोटाळा होतो, त्याबद्दल सहाव्या टप्प्यात येईलच.

आता जुनी वर्तमानपत्रं जोडून त्या मापाचा कागद कापा आणि भिंतीवर सहज निघणाऱ्या चिकटपट्टीने लावा. दोन-तीन दिवस तसाच राहू द्या. येता-जाता तो लहान वाटतो का, दारातून पाहिल्यावर कुठे दिसतो, बसल्यावर मान वर करावी लागते का, हे आपोआप कळतं. मोठं वाटेल म्हणून घाबरून लहान माप घेणारेच जास्त पस्तावतात.

त्याच दिवसांत उजेडही पाहून घ्या. खिडकीतलं थेट ऊन त्या कागदावर किती वाजता पडतं? समोरच्या खिडकीचं किंवा दिव्याचं प्रतिबिंब तिथे पडेल का? छोटा आरसा कागदाच्या जागी धरून नेहमीच्या बसायच्या जागेवरून पाहिलं की लगेच समजतं.

*सावधान:* ओल येणारी बाहेरची भिंत, न्हाणीघराला लागून असलेली भिंत आणि शेगडीजवळची भिंत कागदी प्रिंटसाठी वर्ज्य समजा. कागद ओलावा शोषतो, फुगतो, त्यावर बुरशीचे तपकिरी ठिपके येतात. उत्तम फ्रेमसुद्धा ते थांबवू शकत नाही.

टप्पा २: कोणतं चित्र, ते पूर्ण नावानिशी पक्कं करा

विक्रेत्याच्या पानावर ‘कांडिन्स्की ॲब्स्ट्रॅक्ट वॉल आर्ट’ असं लिहिलेलं असेल तर त्यावरून कुठलं चित्र ते कळत नाही. तुमच्याजवळ सहा गोष्टी हव्यात: चित्रकार, शीर्षक, वर्ष, माध्यम, मूळ माप आणि मूळ चित्र सध्या कुठल्या संग्रहात आहे. उदाहरणार्थ: वासिली कांडिन्स्की, ‘कॉम्पोझिशन ८’, १९२३, कॅनव्हासवर तैलरंग, सुमारे १४०×२०१ सेंमी, गुगेनहाइम संग्रहालय, न्यूयॉर्क. ही माहिती संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मिळते. तिथली प्रतिमा उतरवून ठेवा. पुढच्या प्रत्येक टप्प्यात तुलना तिच्याशीच करायची आहे.

सहापैकी चारसुद्धा गोष्टी सापडल्या नाहीत तर थांबा. कदाचित ते चित्र त्या चित्रकाराचं नाहीच. ‘च्या शैलीत’, ‘पासून प्रेरित’ असे शब्द वर्णनाच्या तळाशी बारीक अक्षरांत असतात. प्रसिद्ध चित्रकाराचं नाव, एखादं वर्ष आणि संग्रहालयाचं नाव छापलेली, पण प्रत्यक्षात कधीच न झालेल्या प्रदर्शनांची पोस्टरंही बाजारात विकली जातात. ती सुंदर असू शकतात आणि आवडली तर जरूर घ्यावीत, पण ती कांडिन्स्कीची किंवा मोंड्रिअनची प्रतिकृती म्हणून घेऊ नयेत.

हक्कांचाही प्रश्न इथेच तपासा. बऱ्याच देशांत चित्रकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षांपर्यंत कॉपीराइट राहतो, भारतात ६० वर्षे. पॉल क्ले १९४० साली गेला. कांडिन्स्की, मोंड्रिअन आणि हिल्मा आफ क्लिंट हे तिघंही १९४४ साली. त्यामुळे त्यांची बरीचशी चित्रं बऱ्याच ठिकाणी मुक्त आहेत. मार्क रोथको १९७० साली, वासुदेव गायतोंडे २००१ साली आणि सैयद हैदर रझा २०१६ साली गेले. त्यांच्या प्रतिकृती परवानगी घेऊन छापलेल्याच घ्यायच्या. परवानगीच्या प्रिंटवर खाली किंवा मागे हक्कधारकाचा उल्लेख असतो. असा प्रिंट घेण्यात नीतीइतकाच व्यवहारही आहे, कारण परवानगी देणारे सहसा छपाईसाठी चांगली फाइलही देतात. चोरून छापणारा मात्र नेटवरून उचललेल्या प्रतिमेवर भागवतो.

आणखी एक निवड इथेच करायची: हे चित्र छपाईत टिकेल का? सपाट रंग आणि स्पष्ट रेषा असलेली चित्रं, म्हणजे मोंड्रिअनची चौकटींची चित्रं, कांडिन्स्कीची १९२० च्या दशकातली भौमितिक चित्रं, क्लेची कागदावरची लहान कामं, छपाईत फारसं काही गमावत नाहीत. गायतोंडेंचे रोलर आणि पॅलेट नाइफने चढवलेले, खरवडलेले, आतून उजळणारे थर, किंवा रोथकोचे एकात एक मुरलेले रंग, हे सगळं पृष्ठभागात असतं. सपाट कागदावर त्याचा फक्त रंग उतरतो. मला विचाराल तर पहिली प्रतिकृती पहिल्या गटातली घ्या. गायतोंडे प्रत्यक्ष पाहण्याची संधी मिळाली तर ती सोडू नका, आणि घरी त्यांचं चित्र लावायचंच असेल तर काय गमावतोय ते ठाऊक असताना लावा.

टप्पा ३: प्रमाण जुळवा

सर्वांत जास्त चुका याच टप्प्यावर होतात, म्हणून इथे वेळ द्या.

मूळ चित्राची मोठी बाजू लहान बाजूने भागा. ‘कॉम्पोझिशन ८’साठी २०१ भागिले १४० म्हणजे सुमारे १.४४. आता तयार फ्रेमची मापं पाहा: ४०×५० चं उत्तर येतं १.२५, ३०×४० चं १.३३, ५०×७० चं १.४, ए-मालिकेतल्या (ए४, ए३ वगैरे) कागदांचं १.४१ आणि ६०×९० चं १.५. म्हणजे हे चित्र ७० सेंमी रुंद छापलं तर उंची ४८.८ सेंमी येईल. ५०×७० च्या फ्रेममध्ये वर-खाली मिळून जेमतेम सव्वा सेंटिमीटर पांढरं राहील, ते चालेल. तेच चित्र ६०×९० ची फ्रेम काठोकाठ भरेल असं छापलं तर उंचीतून जवळजवळ ३ सेंमी कापावे लागतील. वरच्या डाव्या कोपऱ्यातलं मोठं गडद वर्तुळ आणि वरची कड यांच्यात कांडिन्स्कीने जे अंतर ठेवलंय, त्यावर पहिला घाव बसेल.

प्रमाण जुळत नसेल तेव्हा विक्रेता तीनपैकी एक गोष्ट करतो: कापतो, ताणतो किंवा पांढरी पट्टी सोडतो. पांढरी पट्टी चालते, बाकी दोन्ही नाकारा.

कापलेलं ओळखायचं कसं? संग्रहालयाची प्रतिमा शेजारी ठेवून चारही कडा एकेक करून पाहा. कडेला टेकणाऱ्या रेषा मोजा. मोंड्रिअनच्या काही चित्रांत काळी रेषा कडेच्या जरा अलीकडेच थांबते. कड कापली की ती रेषा आरपार गेल्यासारखी दिसते आणि चित्राचा तोल बदलतो. कांडिन्स्कीचं ‘वर्तुळांसह चौकोन’ म्हणून ओळखलं जाणारं १९१३ चं काम तर मोजूनच तपासता येतं. त्यात आडव्या चार आणि उभ्या तीन अशा एकूण १२ चौकटी आहेत. चौरस फ्रेमसाठी ते कापलं की ९ चौकटी उरतात. दुकानात ९ दिसल्या तर एक आख्खा स्तंभ गायब आहे.

ताणलेलं ओळखायला वर्तुळ किंवा चौरस शोधा आणि पडद्यावर पट्टी लावून उंची-रुंदी मोजा. मोंड्रिअनचं ‘ब्रॉडवे बूगी वूगी’ १२७×१२७ सेंमीचं आहे, पुरतं चौरस. त्याची ५०×७० मध्ये काठोकाठ बसणारी प्रत म्हणजे ताणलेली किंवा कापलेली, तिसरा पर्याय नाही.

प्रमाणानंतर आकार. ‘वर्तुळांसह चौकोन’ हा कागदावरचा रंगांचा अभ्यास आहे, मूळ माप सुमारे २४×३२ सेंमी. तो मीटरभर रुंद छापला तर तिपटीहून जास्त मोठा होतो. कागदाचा पोत, खडूचा खरखरीत कण आणि जलरंगाचे ओघळ तितकेच फुगतात आणि हातात धरून पाहण्याचं काम पोस्टरसारखं ओरडू लागतं. उलट जॅक्सन पोलॉकचं ‘वन: नंबर ३१, १९५०’ सुमारे २७०×५३१ सेंमीचं आहे. ते ७० सेंमी रुंदीत आणलं की साडेसात पटींनी आक्रसतं. बोटभर जाडीचा रंगाचा ओघळ दोऱ्याइतका होतो आणि चित्र जवळून विणकामासारखं भासतं. म्हणून मी स्वतः मूळ मापाच्या जवळ जाणारी प्रतिकृती निवडते. लहान भिंतीसाठी क्लेचं लहान चित्र त्याच्या खऱ्या मापात, मधोमध, भोवती भरपूर माउंट (चित्राभोवतीची जाड बोर्डाची पट्टी), यासारखी निवड क्वचित फसते.

तिसरी गोष्ट दिशा. ही तपासणी बालिश वाटू देऊ नका. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात १९६१ साली आंरी मातिसचं ‘ल बातो’ ४७ दिवस उलटं टांगलेलं होतं. मोंड्रिअनचं चिकटपट्ट्यांनी केलेलं ‘न्यूयॉर्क सिटी १’ कित्येक दशकं उलटं लागलं असावं, असं ते जिथे आहे त्या ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयातल्या क्युरेटरनी २०२२ साली मांडलं. पट्ट्या सुटतील म्हणून ते तसंच ठेवण्यात आलं. तज्ज्ञांच्या हातून हे होऊ शकतं, तर पार्सल बांधणाऱ्याच्या हातूनही होईल. ‘आडवं किंवा उभं, कसंही लावा’ अशी जाहिरात असलेला प्रिंट घेऊ नका. मोंड्रिअनची टोकावर उभ्या चौकोनासारखी काही चित्रं आहेत, ती त्याच स्थितीत लावायची. सोयीसाठी सपाट फिरवली की त्यातल्या आडव्या-उभ्या रेषा तिरप्या होतात, आणि मोंड्रिअनला नेमकं तेच नको होतं.

*तपासा:* कागदावर आता भिंतीची मोकळी जागा, चित्राची सहा कलमी माहिती, प्रमाणाचा आकडा आणि छापील चित्राचं नेमकं माप आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ४: छपाई आणि कागद

‘म्युझियम क्वालिटी’, ‘प्रीमियम’, ‘ओरिजिनल प्रिंट’ या शब्दांना ठरलेला अर्थ नाही. ते वगळून वर्णनात काय उरतं ते वाचा. तीन उत्तरं हवीत.

शाई कोणती? पिगमेंट शाई (रंगाचे बारीक कण असलेली) डाय शाईपेक्षा (विरघळलेल्या रंगाची) उजेडात बरीच जास्त टिकते. जिक्ले म्हणून विकला जाणारा प्रिंट म्हणजे इंकजेट छपाईच, फक्त शाई पिगमेंटची आणि कागद चांगला असावा अशी अपेक्षा असते. नुसत्या नावावर विसंबू नका, विचारा.

कागद कोणता? आम्लमुक्त, शक्यतो सुती लगद्याचा, मॅट, २०० ते ३१० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅम, म्हणजे कागदाचं वजन) दरम्यान. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन कागद पिवळा करतं. चकचकीत फोटो पेपर अमूर्त चित्राला मारक आहे. सपाट रंगाच्या मोठ्या पट्ट्यावर दिव्याचा डाग पडतो आणि नजर तिथेच अडकते.

फाइल किती मोठी? ७० सेंमी रुंद प्रिंट अगदी जवळूनही स्वच्छ दिसावा तर इंचाला ३०० पिक्सेल, म्हणजे रुंदीत सुमारे ८,२७० पिक्सेल लागतात. दोन-तीन मीटरवरून पाहायचा असेल तर निम्म्यावर, ४,१३० च्या आसपास भागतं. त्याहून कमी असेल तर रेषांच्या कडा दातेरी किंवा धूसर होतात. मोंड्रिअनच्या काळ्या रेषेची कड धूसर झाली तर तिथे लपायला दुसरं काही नसतं. मुक्त झालेल्या चित्रांच्या मोठ्या फाइली काही संग्रहालयं विनामूल्य देतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून आणि शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने २०१८ पासून अशी सोय केली आहे. चांगला छापणारा ओळखीचा असेल तर तिथून फाइल घेऊन स्वतः छापून घेणं हा उत्तम मार्ग आहे.

कॅनव्हासवरच्या प्रिंटबद्दल एकच सांगते. मूळ चित्र कागदावरचं असेल तर प्रतिकृतीही कागदावरच घ्या. आणि कॅनव्हास लाकडावर ताणताना चित्राचा भाग बाजूला वळवला जातो, म्हणजे चारही कडांचे दोन-तीन सेंमी समोरून दिसेनासे होतात. बाजूला पांढरा किंवा वेगळा रंग देऊन आख्खं चित्र समोर राहील याची खात्री करा. वरून पारदर्शक जेलचे ब्रशचे फटकारे मारून ‘हँड फिनिश्ड’ म्हणून विकतात, ते टाळा. ते फटकारे चित्रकाराचे नसतात आणि खालच्या रंगांच्या दिशेशी त्यांचा काही संबंध नसतो.

टप्पा ५: रंगाची खात्री, पडद्यावर नव्हे, कागदावर

मोबाइलचा पडदा स्वतः उजळतो, कागद नाही. त्यामुळे पडद्यावरून पक्का केलेला रंग कागदावर नेहमीच थोडा उतरलेला वाटतो. त्याची भरपाई म्हणून विक्रेते रंग भडक करतात, आणि पांढरा तर पार धुऊन काढतात. मोंड्रिअनच्या १९२० च्या दशकाच्या सुरुवातीच्या चित्रांतली ‘पांढरी’ घरं नीट पाहा: कुठे निळसर, कुठे राखाडी, कुठे दुधी. भडक प्रिंटमध्ये ती सगळी एकच कोरा कागद होतात आणि चित्राचा अर्धा श्वास जातो.

उपाय सोपा आहे. नमुना पट्टी मागा: चित्राचा १०-१२ सेंमी रुंद तुकडा, खऱ्या मापात, ज्या कागदावर पूर्ण प्रिंट येणार त्याच कागदावर. तुकडा असा निवडा की त्यात सर्वांत गडद, सर्वांत फिका आणि मुख्य रंग तिन्ही येतील. ती पट्टी ठरलेल्या भिंतीवर लावा. सकाळी उजेडात पाहा, संध्याकाळी दिवे लावून पाहा. काही शाया दिवसा एक रंग दाखवतात आणि दिव्याखाली दुसरा. राखाडी रंग हिरवा किंवा गुलाबी पडतोय का, याकडे खास लक्ष द्या. घरातला दिवाच दोषी असू शकतो. रंग खरे दिसायला सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा त्याहून जास्त असलेला बल्ब लावा.

पट्टी द्यायला कुणी तयार नसेल तर निदान परत घेण्याची अट लेखी हवी. दोन्ही नसेल तर दुसरीकडे जा.

टप्पा ६: माउंट, काच, फ्रेम

माउंटचं मुख्य काम चित्र काचेपासून दूर ठेवण्याचं, शोभा त्यानंतर. काच थेट चित्राला टेकली की ओलावा अडकतो आणि कालांतराने शाई काचेला चिकटते. माउंट नको असेल तर काचेखाली बारीक पट्टी घालून अंतर ठेवायला सांगा.

माउंट आम्लमुक्त बोर्डाचा, साध्या पांढऱ्या किंवा किंचित दुधी रंगाचा. चित्रातलाच लाल उचलून लाल माउंट करायची फ्रेमवाल्यांना हौस असते, तिला नम्रपणे नकार द्या. अमूर्त चित्राभोवती आणखी एक रंगाची चौकट आली की ती चित्राचाच भाग वाटू लागते. माउंटची खिडकी चित्रावर चढू देऊ नका. चित्राच्या कडेबाहेर ५ मिमी कोरा कागद दिसू द्या, म्हणजे कड सुरक्षित राहते.

आता घोटाळ्याचं गणित. ७०×४८.८ सेंमीचं चित्र, भोवती ५ मिमी कागद, म्हणजे खिडकी ७१×४९.८. माउंट तीन बाजूंना ६ सेंमी आणि खाली ७, म्हणजे काचेचं माप ८३×६२.८. मोल्डिंग, म्हणजे फ्रेमची पट्टी, २ सेंमी रुंद, त्यातलं अर्धा सेंमी काचेवर चढतं, म्हणजे बाहेरून ८६×६५.८. ‘७० सेंमीचं चित्र’ भिंतीवर ८६ सेंमी घेतं. दुकानात सांगितलेलं फ्रेमचं माप सहसा काचेचं असतं, बाहेरचं नव्हे. पहिल्या टप्प्यातल्या वर्तमानपत्राशी हे बाहेरचं माप जुळवा.

चित्र बोर्डाला फक्त वरच्या कडेला, दोन ठिकाणी, आम्लमुक्त कागदी पट्टीने टांगलेलं असावं. चारही बाजूंनी चिकटवलं की हवेतल्या ओलाव्याने कागद वाढतो, सुटायला जागा मिळत नाही आणि मध्ये लाटा येतात. साधी पारदर्शक चिकटपट्टी आणि फेव्हिकॉल दोन्ही वर्ज्य.

काच की ॲक्रिलिक? वरच्या मापाला २ मिमी काचेचं वजन अडीच किलोच्या वर जातं, ॲक्रिलिकचं सव्वा किलोच्या आसपास. पलंगाच्या वर, मुलांच्या खोलीत किंवा कुरिअरने येणार असेल तर ॲक्रिलिक. पुसायला सोपी आणि ओरखडे न पडणारी हवी असेल तर काच. साधी काच अतिनील किरण पूर्ण थांबवत नाही, म्हणून उजेडाच्या खोलीत अतिनील-रोधक घ्या. खरखरीत पृष्ठभागाची ‘नॉन-ग्लेअर’ काच प्रतिबिंब कमी करते पण रेषा धूसर करते, माउंटमुळे अंतर असेल तर जास्तच. परवडत असेल तर लेप दिलेली प्रतिबिंबरोधक काच घ्या.

फ्रेमबद्दल माझं मत ठाम आहे: अरुंद, सपाट, काळी, पांढरी किंवा नैसर्गिक लाकडाची. मोंड्रिअन तर कॅनव्हास खोल चौकटीत बसवण्याऐवजी सपाट पट्ट्यांवर पुढे आणून लावत असे. त्याच्या चित्राला सोनेरी नक्षीची फ्रेम घातली की त्याने जी चौकट दूर सारली तीच आपण परत आणतो.

टप्पा ७: लेखी ऑर्डर

आता पैसे द्या, पण आधी हे सगळं एका संदेशात लिहून समोरच्याचा होकार घ्या: चित्राचं पूर्ण नाव, छापील चित्राचं माप (कापणे-ताणणे नाही), शाई आणि कागद, माउंटची रुंदी, काचेचा प्रकार, फ्रेमचं बाहेरचं माप, वरची बाजू कोणती, आणि फुटलं किंवा रंग चुकला तर काय. सोबत संग्रहालयाची प्रतिमा वरच्या बाजूला बाण काढून जोडा.

टप्पा ८: पार्सल उघडताना

खोका उघडायच्या आधी आणि उघडताना फोटो काढा. काच फुटल्याचा आवाज आला तर फ्रेम उभी करू नका, चित्र वर ठेवून आडवीच ठेवा. तुकडे सरकले की कागद ओरबाडला जातो.

मग पट्टी घेऊन छापील भाग मोजा. चारही कडा संग्रहालयाच्या प्रतिमेशी ताडा. भिंगातून सपाट रंगाचा भाग पाहा: फुलांसारख्या वर्तुळांत मांडलेले ठरावीक रंगीत ठिपके दिसले तर ती ऑफसेट, म्हणजे छापखान्यातली पोस्टर-मासिकांची छपाई आहे, इंकजेटचे ठिपके विखुरलेले आणि फार बारीक असतात. जिक्ले म्हणून घेतलेल्या प्रिंटवर ऑफसेटचे ठिपके दिसले तर ताबडतोब परत. फ्रेमचे चारही कोपरे बोटाने तपासा, फट नको. काचेच्या आत केस, धूळ, बोटाचा ठसा आहे का ते तिरप्या उजेडात पाहा. मागची बाजू कागदाने किंवा पट्टीने पूर्ण बंद हवी, नाहीतर कीटक आत शिरतात.

*सावधान:* भिंतीवर लावल्यानंतर केलेली तक्रार बहुतेक विक्रेते ऐकत नाहीत. ही तपासणी त्याआधीच.

टप्पा ९: टांगणं

चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंमीवर येऊ द्या. फ्रेम ६६ सेंमी उंच असेल आणि तार ताणल्यावर तिचा वरचा बिंदू फ्रेमच्या वरच्या कडेपासून ८ सेंमी खाली येत असेल, तर १४८ च्या मध्यासाठी खिळा १४८ अधिक ३३ वजा ८, म्हणजे १७३ सेंमीवर. तार ताणूनच मोजा, सैल तारेचं माप नेहमी चुकतं. सोफ्यावर लावताना मात्र सोफ्याची पाठ आणि फ्रेमची खालची कड यांत १५ ते २० सेंमी ठेवा. पाठ ८५ सेंमीवर असेल तर मध्य १३८ च्या आसपास येईल. तेच बरोबर, तिथे १४८ चा हट्ट धरू नका.

मोठ्या फ्रेमला एका खिळ्याऐवजी दोन हूक लावा, ती सरकत नाही. अमूर्त चित्र अर्धा अंश कललं तरी डोळ्याला खुपतं, आडव्या-उभ्या रेषांचं तर फारच. लेव्हल फ्रेमवर ठेवून पाहा आणि मग चित्रातल्या रेषेवरही धरून पाहा. दोन्ही जुळले नाहीत तर प्रिंट माउंटमध्येच तिरका बसलाय, फ्रेमवाल्याकडे परत न्या. मागे खालच्या दोन कोपऱ्यांना फेल्टच्या गोळ्या चिकटवा, म्हणजे फ्रेम आणि भिंतीत हवा खेळेल.

पुसताना द्रव थेट काचेवर फवारू नका, तो फ्रेमच्या खाचेतून माउंटमध्ये झिरपतो. कापडावर घेऊन पुसा. ॲक्रिलिकला अमोनिया किंवा अल्कोहोल असलेलं काचेचं क्लीनर लावायचं नाही, त्याने बारीक तडे जातात. मऊ ओलं कापड पुरतं. वर्षातून एकदा फ्रेम उतरवून मागचा कागद, तार आणि भिंत पाहा. कागदावर ओलीचा डाग दिसला तर भिंत कोरडी होईपर्यंत चित्र तिथे परत लावू नका.